पुष्पिकारहित तबकड्या : ध्वनिमुद्रिका व फोनोयंत्रें यांचा ऐतिहासिक साधन या दृष्टीनें विचार

सन २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेस महापूर आला, त्या वेळीं जयंती नाल्याकांठच्या एका घराच्या तळमजल्यांत चार दिवस पाणी होतें. पाणी ओसरल्यावर त्या घरच्या मंडळींनीं चिखलानें भरलेली एक पत्र्याची ट्रंक माझ्याकडे पाठविली. आंत फोनोच्या ३७ तबकड्या होत्या. धुऊन पाहतां असें दिसलें कीं, तबकड्या बहुतेक शाबूत आहेत. परंतु त्यांच्या मध्यावरील गोल कागदी चिठ्ठ्या, ज्यांवर गाणाराचें नांव, रागाचें नांव व विक्रीचा क्रमांक छापलेला असतो, त्या २२ तबकड्यांवरून पार सुटून गेल्या आहेत. ट्रंकेच्या तळाशीं त्यांचा नुसता लगदा सांपडला. ज्याचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें, त्यास हा प्रकार नवा नाहीं. पोथीचें शेवटचें पान गेलें कीं पुष्पिका जाते. ग्रंथ हातांत आहे, पण तो कोणाचा, कोणीं लिहिला व कोणत्या शकांत, हें सांगणारें कोणी उरत नाहीं. या २२ तबकड्या तशा पुष्पिकारहित पोथ्या झाल्या होत्या. त्यांचें वाचन करण्याच्या खटाटोपांत जें हातीं लागलें, तें येथें मांडीत आहें. तबकडी हें अस्सल साधन होय, हें आतां फारसें कोणी नाकारीत नाहीं. परंतु ती वाचण्याचें यंत्र हाही त्याच साधनाचा अर्धा भाग आहे, ही गोष्ट आपल्याकडे ध्यानांत घेतली जात नाहीं. मोडी पत्र राहिलें आणि मोडी वाचणारा गेला, तर दप्तराची जी अवस्था होईल, तीच येथें होऊं पाहात आहे.

प्रथम तबकडीच्या द्रव्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुरांत काय वांचलें व काय गेलें याचा उलगडा त्यानेंच होतो. या जुन्या तबकड्या चपडी लाख, दगडाची वस्त्रगाळ भुकटी व काजळी यांच्या मिश्रणाच्या असत. लाख बहुतेक आपल्याच देशांतली. ती विलायतेस जाई आणि गाणें होऊन परत येई. पुढें १९०८ मध्यें कलकत्त्यास सियालदह येथें, व १९२८ पासून डमडम येथें, तबकड्या छापण्याचे कारखाने झाले. लाखेस चार दिवसांच्या पाण्याचें फारसें भय नाहीं. म्हणून पुरानें चिठ्ठी नेली, गाणें नेलें नाहीं. मात्र स्पिरिटांत लाख विरघळते. तबकडी ‘स्वच्छ निघावी’ म्हणून स्पिरिटानें पुसणारे गृहस्थ अजून भेटतात. पुरानें जें केलें नाहीं तें ते एका बोळ्यानें करतात. साधें पाणी, किंचित् सौम्य साबू, मऊ फडकें, व सावलींत उभी ठेवून वाळविणें, एवढें पुरे. उन्हांत ठेवली तर ती पापडासारखी वांकते.

आतां ओळख पटविण्याची रीत. पहिला आधार क्रमांकाचा. चिठ्ठी गेली तरी तिच्या लगतच्या गुळगुळीत पट्ट्यांत एक अंक कोरलेला असतो. मूळ मेणाच्या तबकडीवर ध्वनिलेखन झालें म्हणजे तो अंक तीस देत, व तो तिच्या सर्व प्रतींवर उमटे. विक्रीचा क्रमांक निराळा व हा निराळा. विक्रीचा क्रमांक कालांतरानें बदले, एकच गाणें दोन क्रमांकांखालीं विकलें जाई. कोरलेला अंक मात्र त्या एका गायनाशीं कायमचा जडलेला. ग्रामोफोन कंपनीच्या आरंभींच्या पद्धतींत त्या अंकापुढें एक अक्षर असे, त्यावरून ध्वनिलेखक कोण व तबकडीचा आकार कोणता हें कळतें. म्हणजे ताम्रपटाच्या अखेरीस कोरणाराचें नांव येतें त्याचाच हा अवतार. हे अंक जुळविण्याचें काम आज शक्य होतें, तें सूचीकारांच्या चिकाटीमुळें. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकानें १८९९ ते १९०८ या काळांतील ग्रामोफोन कंपनीच्या हिंदी तबकड्यांची सूची १९९४ मध्यें प्रसिद्ध केली. मुंबईस १९९० मध्यें ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली, तिच्या नियतकालिकांतूनही पुष्कळ याद्या बाहेर आल्या. विद्यापीठांनीं जें करावयाचें तें येथें हौशी संग्राहकांनीं पदरमोड करून केलें आहे, याची नोंद करून ठेवणें अवश्य वाटतें.

दुसरा आधार अधिक मनोरंजक आहे. एमिल बर्लिनर यानें १८८७ मध्यें चपट्या तबकडीच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १९०२ च्या नोव्हेंबरांत, फ्रेड गायस्बर्ग हा कंपनीचा ध्वनिलेखक कलकत्त्यास उतरला आणि एका हॉटेलच्या खोलींत त्यानें गौहरजान हिचें गाणें मेणांत उतरविलें. तें मेण जर्मनींतील हॅनोव्हर येथें गेलें व तेथें छापलेल्या तबकड्या १९०३ मध्यें इकडे विक्रीस आल्या. हॅनोव्हरच्या कामगारांस आपल्या गायिकांचीं नांवें कोठून ठाऊक असणार? चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊं नये म्हणून गाणारीनें गाणें संपतांच आपलें नांव मोठ्यानें सांगावें, असा प्रघात पडला. गौहरजान तें इंग्रजींत सांगे. लोकांस त्यांत ऐट दिसली, परंतु मूळ कारण केवळ कारखानदारीचें होतें. ही पुष्पिकाच होय, फक्त मौखिक. कागदी पुष्पिका जावी आणि मौखिक राहावी, असा योग पोथीच्या नशिबीं कधीं आला नाहीं. सदरहू ट्रंकेंत एकाच बाजूस गाणें असलेल्या तीन तबकड्या होत्या. त्यांच्या कोऱ्या पाठीवर लेखणीनें तबकडी लिहिणारा देवदूत ठशानें उठविलेला आहे. ती कंपनीची कुत्र्याच्या आधींची निशाणी. ठसा लाखेंतच असल्यामुळें पाण्यास तो नेतां आला नाहीं. अशा तबकड्यांच्या शेवटीं नांव मिळण्याचा संभव पुष्कळ.

पण नांव ऐकावयाचें कशावर? येथें मला स्वतःच्या मूर्खपणाची हकीकत सांगणें भाग आहे.

माझ्या वडिलांचें ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीचें १०२ क्रमांकाचें पोर्टेबल यंत्र आमच्या घरीं होतें. हा नमुना १९३१ मध्यें निघाला व पुढें वीस वर्षांहून अधिक काळ विकला गेला. काळ्या आवरणाची चौकोनी पेटी, झांकणाच्या आंत तबकड्या ठेवण्याची सोय, बाजूस चावी, आणि कर्णा पेटीच्या पोटांतच दडविलेला. दिसावयास ती प्रवासी बॅगेसारखी. तिचा दिमाख कांहीं नाहीं. १९९४ मध्यें मुंबईस एका दुकानीं मीं ती दिली, वर कांहीं रक्कम मोजली, आणि चकचकीत पितळी कर्ण्याचा, आठकोनी लांकडी पेटीचा ‘पुरातन’ ग्रामोफोन घेऊन आलों. घरांत सर्वांस आनंद झाला. फक्त आमच्या मंडळींनीं, हा कर्णा दर आठवड्यास चिंचेनें कोणीं घासावयाचा, असा योग्य प्रश्न विचारला होता. पुढें दोन वर्षांनीं तेल घालण्यासाठीं पेटी उघडली तेव्हां माझे डोळे उघडले. पेटीचें शिसवी लांकूड नवें. मळसूत्रांच्या डोक्यांवर अधिक-चिन्हाची खांच, जी जुन्या यंत्रांत असण्याचा संभव नाहीं. कुत्र्याच्या चित्राची पितळी पट्टी बाजारू ठशाची. त्या कंपनीचे बाहेरचे कर्णे बहुधा रंग दिलेल्या पत्र्याचे किंवा लांकडाचे असत, फुलासारख्या झगझगीत पितळेचे नव्हेत, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. आंतील फिरकीचें यंत्र मात्र खरें होतें. तें एका पोर्टेबलमधून काढलेलें होतें.

या प्रकारचीं बनावट यंत्रें आपल्या देशांत शेंकड्यांनीं तयार झालीं, व परदेशीं प्रवासीही तीं हौसेनें घेऊन गेले. पुसून त्यावर नवा लेख कोरलेले ताम्रपट अभ्यासकांस परिचित आहेत. तोच न्याय येथें लागतो: एक कूट वस्तु निर्माण करण्यासाठीं एक अस्सल वस्तु मोडावी लागते. आणि गंमत अशी कीं, ज्या कुत्र्याच्या चित्रावर हा सगळा व्यापार चालतो, तें चित्रही एका अर्थानें पुसून लिहिलेलें आहे. फ्रान्सिस बॅराड या चित्रकारानें कुत्र्यापुढें प्रथम एडिसनचें नळकांड्याचें यंत्र काढलें होतें. १८९९ मध्यें ग्रामोफोन कंपनीनें १०० पौंडांस चित्र व त्याचे हक्क घेतले, ते त्या नळकांड्याच्या जागीं आपलें तबकडीचें यंत्र रंगवून घेऊन. मूळ कॅनव्हासवर खालचें यंत्र प्रकाशाच्या विशिष्ट रोखानें अद्याप ओळखूं येतें म्हणतात.

असो. पुरानंतर इचलकरंजीच्या एका स्नेह्यांनीं आपलें १०२ यंत्र मला वापरावयास दिलें. अशा यंत्राची परीक्षा कशी करावी, हें थोडक्यांत सांगतों. चावी दिल्यावर आंत धप्प धप्प असा आवाज येत असेल, तर कमानीचें ग्रीस घट्ट झालें आहे. आवाज खरखरत असेल, तर साउंडबॉक्सच्या पडद्याभोंवतींचें रबर दगडासारखें झालें आहे. अगदीं जुन्या यंत्रांत हा पडदा अभ्रकाचा, नंतरच्यांत ॲल्युमिनियमचा. जस्तमिश्रित ओतीव भाग कालांतरानें फुगतात व तडकतात, त्यांस उपाय नाहीं. हीं सर्व दुखणीं ओळखतां येतात. पण संशोधकास ज्याची खरी गरज आहे तो भाग म्हणजे वेगनियामक, ज्यास कारागीर ‘गव्हर्नर’ म्हणतात. तीन लहान वजनें पट्ट्यांवर बसविलेलीं असतात. वेग वाढला कीं तीं बाहेर फांकतात, एक चकती चामड्याच्या गादीवर घासते व वेग आवरला जातो. बाहेरच्या स्क्रूनें ही गादी मागेंपुढें करतां येते. कूट यंत्रांत नेमकी हीच रचना बिघडलेली असते, आणि म्हणून त्यावर वाजविलेलें गाणें लाटेवरच्या होडीसारखें खालींवर होतें.

वेगाची ही कथा वरवर क्षुल्लक वाटेल. पण तींत संगीताच्या इतिहासाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. या तबकड्या ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणून ओळखल्या जातात. वस्तुतः १९२५ पूर्वीं, म्हणजे विजेच्या साहाय्यानें ध्वनिलेखन सुरू होण्याच्या आधीं, मिनिटास ७० पासून ८० च्याही पुढें वेगवेगळ्या गतींनीं तबकड्या कोरल्या जात. समजा, एखादें गाणें ७२ फेऱ्यांवर कोरलें आणि आपण तें ७८ वर वाजविलें. स्वर ७८ भागिले ७२ या प्रमाणांत चढेल, म्हणजे पेटीवर एका पट्टीहून कांहींसा अधिक. काळी एकमध्यें गाणारा मनुष्य पांढरी दोन व काळी दोन यांच्या मध्यें कोठें तरी गातांना ऐकूं येईल, त्याची तान अधिक चपळ वाटेल, आणि आपण ‘काय त्या काळचे आवाज!’ म्हणून मान डोलवूं. ती मान गायकापुढें डोलत नसून स्क्रूपुढें डोलत असते.

आमच्या शेजारच्या मिरजेचें उदाहरण घ्यावें. अब्दुल करीमखां यांच्या तबकड्यांचे दोन मुख्य गट आहेत. पहिला १९०५ च्या सुमाराचा, कर्ण्यांत तोंड घालून गाण्याच्या काळांतला. दुसरा १९३४ पासून १९३७ मध्यें ते वारले तोंपर्यंतचा, ओडियन कंपनीनें मायक्रोफोनपुढें घेतलेला. दोहोंमध्यें तीस वर्षांचें अंतर. पहिल्या गटांतील स्वर पातळ, तंबोरा जवळजवळ लुप्त. दुसऱ्यांत श्वाससुद्धां कळतो. यावरून त्यांच्या गायकींत वयानें काय फरक पडला हें ठरविण्याचा मोह होतो. परंतु त्या फरकांत कर्ण्याचा वांटा किती, वेगाचा किती व वयाचा किती, हें आधीं वेगळें केलें पाहिजे. कर्ण्यास मंद्र स्वर व अतितार नाद नीट पकडतां येत नसत. गाणारास ओरडल्यासारखें गावें लागे, आणि तबल्यास दूर बसवीत. पाठभेद मूळचा कीं लेखकाच्या प्रमादाचा, हें ठरविल्यावांचून कोणी संहिता सिद्ध करीत नाहीं.

वेग मोजण्याचें साधन सोपें आहे. पुठ्ठ्याच्या चकतीवर ७७ काळ्या रेषा समान अंतरानें आंखाव्या. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेच्या दिव्याखालीं त्या फिरूं लागल्या आणि स्थिर भासल्या, तर फेरे ७८ च्या अगदीं जवळ, हिशेबानें ७७.९२, आहेत. नियॉनचा लहान दिवा यास उत्तम. आजकालच्या पुष्कळ एलईडी दिव्यांखालीं हा खेळ जमत नाहीं, कारण ते त्या लयींत लुकलुकत नाहींत. यंत्राचा वेग असा कळला, तरी गाण्याचा मूळ वेग त्यानें कळत नाहीं. तेथें गायकाची ठाऊक असलेली पट्टी, साथीच्या पेटीचा सूर, किंवा दुसरें एखादें बाह्य प्रमाण लागतें. असें एक प्रमाण कोल्हापूरनेंच पुरविलें आहे. प्रभात फिल्म कंपनी येथें १९२९ मध्यें स्थापन झाली व तिचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्यें येथेंच तयार झाला. त्यांत गोविंदराव टेंबे स्वतः गातात. त्या काळीं पार्श्वगायन नव्हतें. बोलपटाची फीत सामान्यतः सेकंदास २४ चित्रें या ठरीव गतीनें धांवते, म्हणून तिच्यावरील स्वर बऱ्याच भरवशाचा. एखाद्या गाणाराची तबकडी व फीत दोन्ही उपलब्ध असतील, तर एकीवरून दुसरी तपासतां येते.

यानंतर विजेचीं यंत्रें आलीं. १९४८ मध्यें अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी काढली, आणि ‘हाय-फाय’ हा शब्द घरोघर गेला. व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक, गॅरार्ड कंपनीचें १९५४ चें ३०१ फिरकीयंत्र, मोठमोठीं स्पीकरचीं कपाटें, यांचा संग्रह करणारे रसिक आज जगभर आहेत आणि आपल्या शहरांतही आहेत. त्यांच्या हौसेचा मी आदर करतों. परंतु या विजेच्या यंत्रांवर जुनी तबकडी लावतांना एक खबरदारी घेत नाहींत ती अशी. ७८ च्या खोबणीसाठीं इंचाच्या हजाराव्या भागाच्या सुमारें तिप्पट टोंकाची सुई लागते. दीर्घवादन तबकडीस एक पट पुरते. बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशीं, जेथें शंभर वर्षांचा कचरा साचला आहे तेथें, फरफटत जाते, आणि ऐकणारा म्हणतो, जुनी तबकडी खरखरते. उलट फोनोची पोलादी टांचणी प्रत्येक बाजूस नवी घ्यावयाची, म्हणून २०० टांचण्यांची डबी विकीत. आमच्याकडे एक टांचणी महिनाभर पुरवीत. या काटकसरीनें जेवढ्या तबकड्या मारल्या, तेवढ्या सर्व महापुरांनीं मिळून मारल्या नसतील.

आजच्या संगणकीय प्रतींविषयींही तेंच. प्रत करणारानें कोणत्या यंत्रावर, कोणत्या सुईनें, किती वेगानें वाजवून ती केली, हें तो लिहीत नाहीं. खरखर काढतांना सारंगीची धारही काढून टाकतो. ज्या नकलेवर नकलकाराचें नांव नाहीं ती नक्कल पुराव्यास किती धरावी, हें दप्तर चाळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

कोल्हापूरकरांस या सर्वाचें महत्त्व इतरांहून अधिक असावें, याचें कारण अल्लादियाखांसाहेब. १८९५ मध्यें शाहू महाराजांनीं त्यांस येथें आश्रय दिला, आणि १९२२ मध्यें महाराज निवर्तले तोंपर्यंत, म्हणजे सुमारें पाव शतक, या गांवीं त्यांची गायकी नांदली. १९४६ मध्यें मुंबईस ते वारले. गौहरजानच्या पहिल्या तबकडीनंतर ते त्रेचाळीस वर्षें हयात होते, तरी त्यांची एकही तबकडी बाजारांत आली नाहीं. जी गायकी दमश्वासाच्या लांबलचक, गुंतागुंतीच्या आवर्तनांवर उभी, तिनें दहा इंची तबकडीच्या सव्वातीन मिनिटांत, म्हणजे सुमारें अडीचशें फेऱ्यांत, मावावें तरी कसें? त्यांची गायकी आपल्यास कळते ती गोविंदराव टेंब्यांच्या लेखनांतून, नातू अझीझुद्दीनखां यांस सांगितलेल्या आत्मकथनांतून, आणि शिष्यांच्या तबकड्यांतून. मूळ ग्रंथ लुप्त व टीका उपलब्ध, अशी ही अवस्था. टीकाच जर चुकीच्या वेगानें वाचली, तर मूळाविषयींचें आपलें अनुमान किती दूर जाईल?

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवीची एक तबकडी निवडून अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर १९७७ मध्यें अंतराळांत पाठविली गेली, हें सर्वश्रुत आहे. त्या सोनेरी तबकडीसोबत आणखी काय पाठविलें, तें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं. तिच्याबरोबर सुई व सुईची बैठक आहे. वेष्टनावर ती कशी ठेवावी याची आकृति आहे. आणि एका फेऱ्यास ३.६ सेकंद लागावे, म्हणजे मिनिटास १६⅔ फेरे व्हावे, हें हायड्रोजन अणूच्या कालमानांत खुणांनीं कोरून ठेवलें आहे. वाचणारा कोण असेल याची कल्पना नसतांना पाठविणारांनीं वाचनयंत्राची एवढी काळजी घेतली. आपण आपल्या नातवंडांसाठीं तेवढीही घेतलेली नाहीं.

ट्रंकेचा हिशेब असा. एकूण ३७ पैकीं चार तबकड्या तडकलेल्या. चिठ्ठी शाबूत असलेल्या पंधरांत एक-दोन वडाळ्याच्या कारखान्याच्या ‘यंग इंडिया’ छापाच्या आहेत. बाकीच्या बहुतेक नाट्यपदांच्या. पुष्पिका गेलेल्या २२ पैकीं १८ ची ओळख कोरलेल्या अंकावरून पटली, व त्यांच्या पाकिटांवर मीं पेन्सिलीनें नोंदी केल्या आहेत. देवदूताच्या तिघींपैकीं दोन त्यांत आल्या. तिसरी एका स्त्रीच्या आवाजांतली आहे. तिचा अंक झिजलेला, शेवटचे दोन आंकडे तेवढे वाचतां येतात. गाणें संपतें, पेटी थांबते, आणि ती बाई आपलें नांव सांगूं लागते. पण नेमक्या त्याच खोबणींत शेवटच्या टांचणीनें खड्डा पाडला आहे. ७८ वर ऐकतां दोन अक्षरें कळतात, ७४ वर तिसरें कळल्यासारखें वाटतें. गाण्याचा राग, तालाचा ठेका, उरलेले दोन आंकडे व तीं अक्षरें यांचें टिपण मीं त्रैमासिकाच्या कार्यालयांत ठेवलें आहे. ज्या कोणाकडे १९०८ पूर्वींच्या एकबाजू तबकड्या, किंवा दुकानदारांस मिळत त्या जुन्या छापील याद्या असतील, त्यांनीं तें ताडून पाहावें. तबकडी माझ्याकडे आहे. १०२ यंत्र स्नेह्यांनीं अजून परत मागितलेलें नाहीं.